मटारमागची पुडी

वर्षालीने फ्रीजरमधली पुडी काढून ओट्यावर आपटली. दगड आपटावा तसा आवाज झाला. मटारच्या पिशवीमागे, पार भिंतीला चिकटवून ठेवली होती. म्हणजे लपवलेलीच. बाथरूममध्ये ज्ञानेश अंगावर पाणी ओतून घेत होता. रविवारी तो दोनदा साबण लावतो. नवऱ्याचं मन साफ असेल तर एवढा साबण लागतो कशाला?

दिवाळीपासून हेच चाललं होतं. ज्ञानेश चाकणच्या कंपनीत, सहा दिवस शिफ्ट. सातव्या दिवशी माणसाने बायकोला घेऊन बाहेर पडावं, तर हा म्हणे नदीवर गळ टाकायला जातो. कोण? तर ज्याच्या लातूरकडच्या गावात पोरं नदीत क्रिकेट खेळतात, तो. लग्नानंतर पहिल्यांदा बांगडा पानात पडला तेव्हा त्याने वर्षालीलाच विचारलं होतं, ह्याला धरायचं कुठून. आणि आता पठ्ठ्या मासेमार.

बरं, जातो तर जातो. मासा कुठाय? इतक्या रविवारांत घरी एक मासा आला नव्हता. कधी म्हणायचा लागलाच नाही, कधी म्हणायचा लहान होता म्हणून सोडून दिला. फोन आला की गॅलरीत पळायचा. शेजारच्या इंदुताईंनी तर लसूण सोलता सोलता निकालच लावून टाकला. "गळ टाकणारा दर रविवारी मोकळ्या हाताने येतोय ना, बाई, तर मासा दुसऱ्या चुलीवर शिजतोय."

त्या दिवसापासून वर्षालीला जेवण गोड लागत नव्हतं. दर रविवारी फ्रीजरमध्ये येणाऱ्या पुड्यांचं विचारलं की ज्ञानेशचं उत्तर तयार असायचं. गळाला लावायचे छोटे मासे आहेत, पुढच्या रविवारी लागतात, म्हणून जपून ठेवलेत. आज ती हे उत्तर तपासणार होती. पुडीत बाजारातली मासळी निघाली, तर नदी खोटी, गळ खोटा आणि नवराही खोटा. मग बॅग भरायची, हे ठरलं होतं. ती घेऊन आकुर्डीच्या या दोन खोल्यांतून जायचं कुठे, हे मात्र ठरत नव्हतं.

तिने वर्तमानपत्राचा कागद उलगडला.

बोटाएवढे चंदेरी मासे. पोट न फाडलेले, खवले जागच्या जागी. खायला कोणी असे ठेवत नाही, म्हणजे होते गळाचेच. डोळे आत गेलेले नव्हते. पकडल्या पकडल्या, ताजेपणा जायच्या आत मिठात गेलेले. नळाच्या पाण्याने धुतलेले नव्हते, फडक्याने नुसते टिपलेले. खडं मीठ पोटाला जास्त, पाठीला कमी. मिठाने मांस घट्ट होतं, मग ते गळावरून सुटत नाही. सगळे एका थरात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीशी, म्हणजे गोठल्यावरही एकेक सुटा निघावा.

हे काम ज्ञानेशचं नव्हतंच. त्याला साधी कोथिंबीर निवडता येत नाही. ज्याचा जन्म माशांत गेला त्याचा हात होता हा. म्हणजे कोणीतरी होतीच. आणि ती मासळीतली होती. शेजारी बसून त्याला शिकवत असणार, हसत असणार.

तिने एक मासा उचलून दिव्याखाली धरला. शेपटीचं टोक नव्हतं. दुसरा उचलला, त्याचंही नव्हतं. सगळ्यांच्या शेपट्या तिरक्या खुडलेल्या. सुरीने नाही, नखाने.

ती खालीच बसली.

शेपटी राहिली तर गळाला लावलेला मासा पाण्याच्या ओढीला गरगर फिरतो, आणि गरगर फिरणारं सावज मोठ्या माशाला खरं वाटत नाही. हे सांगत डाव्या अंगठ्याच्या नखाने शेपटी खुडणारा एकच माणूस तिला माहीत होता. तळेगावात राहत होता. तिने जातीबाहेर लग्न केलं त्या दिवशी त्याने दार लावून घेतलं होतं, आणि नंतर तिचा एकही फोन उचलला नव्हता.

ज्ञानेश टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. ओट्यावरची पुडी त्याला दिसली, मग खाली बसलेली बायको.

"बाबांकडे जातोस?" तिने विचारलं.

तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग स्टूल ओढून बसला आणि सगळं सांगितलं. दिवाळीचा फराळ घेऊन गेला होता, तर दार उघडलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. सासरा गळ घेऊन नदीवरच निघाला होता. एक शब्द न बोलता त्याने जावयाच्या हातात बादली दिली. तेव्हापासून हा बादली धरतो, मीठ हातात देतो, बोलणी खातो. मासा तिथेच शिजतो. म्हातारा एकटा जेवत नाही म्हणून हाही बसतो. घरी सांगायची परवानगी नव्हती.

वर्षालीने मासे पुन्हा कागदात गुंडाळायला घेतले. मग तिला भलतंच काही सुचलं.

"त्यांच्याकडे माझ्या कपाटाएवढा फ्रीज आहे. मग ह्या पुड्या आपल्या घरी कशाला?"

"मीपण तेच म्हणलं त्यांना," ज्ञानेश म्हणाला. "तर म्हणाले, घेऊन जा, आणि नीट लपवून ठेव. हातात दिलेलं ती लहानपणापासून घेत नाही. शोधलेलंच घेते."