जमलेलं काडतूस

पाचवी गोळीही भलतीकडेच गेली. समोरच्या खंदकातून टार्गेट वर आलं तेव्हा गोळीची जागा दाखवणारी पांढरी चकती काळ्या वर्तुळाच्या पार कडेला होती. आधीच्या चार गोळ्या चार दिशांना, ही पाचवीला. लायलने रायफलीवरचा गाल उचलला आणि चटईवर कपाळ टेकलं.

"गेल्या आठवड्यात हेच काडतूस सगळ्या गोळ्या एका भोकात घालत होतं," तो चटईलाच सांगितल्यासारखा म्हणाला. "हीच दारू, हीच गोळी. केसाचाही फरक नाही."

"मग गेल्या आठवड्यातच थांबायचंस," नोरीन म्हणाली. ती संघाची कॅप्टन. टोपी मागे सारून त्याच्या डोक्याशी उभी होती.

"एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं, नोरीन. खात्री नको करायला?"

"केलीस?"

"मंगळवारी केली. मग गुरुवारी परत केली."

"परत कशाला?"

"मंगळवारी वारा नव्हता."

नोरीनने आकाशाकडे पाहिलं. गव्हाच्या कोठारांच्या माथ्यावर गुलाबी काकाकुव्यांची रांग बसली होती आणि कशावरून तरी भांडत होती.

अकराला निवडीचा शेवटचा सामना होता. जो आज उतरणार नाही त्याचं नाव ईस्टरच्या स्पर्धेच्या संघात जाणार नाही. नोरीन त्याला दर वर्षी विचारायची आणि लायल दर वर्षी सांगायचा की काडतूस अजून जमलं नाही. या वर्षी मात्र त्याने स्वतःहून, तिच्या नजरेला नजर न देता, "माझं नाव ठेव" म्हटलं होतं. काडतूस जमलं होतं. फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यात शेडचं दार लावून, पंखा बंद करून, वजनकाट्याच्या ताटलीला श्वासही लागू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून त्याने दारूचा एकेक कण चिमट्याने टाकला होता.

"कर्टला बघू दे एकदा," नोरीन म्हणाली.

कर्ट बंदुकांची दुरुस्ती करायचा आणि आज नेमबाजीलाही आला होता. त्याने बोल्ट काढला आणि मागच्या बाजूने नळीत तारेच्या टोकाचा बारीक कॅमेरा सरकवला. हातातल्या छोट्या पडद्यावर नळीचा आतला भाग दिसू लागला. गोळी जिथून धाव घ्यायला लागते तिथलं पोलाद आटलेल्या तळ्याच्या बुडासारखं तडकलं होतं.

"संपली," कर्ट म्हणाला.

"काय संपली?"

"नळी. काडतुसाला काही झालेलं नाही. जळली ती आतून. प्रत्येक बार थोडी थोडी खातोच तिला."

"अरे, पण दोन हंगामही झाले नाहीत. तूच तर बसवलीस."

"मीच बसवली, म्हणून तर विचारतोय. मला न सांगता कुठं कुठं जिंकत फिरत होतास रे? एखादा कप तरी दाखव की लेका."

लायलने रायफल चटईवर ठेवली, मग चटईच्या कडेशी समांतर केली.

"कुठल्या सामन्यांना नेलीस?" कर्टने पुन्हा विचारलं.

"एकाही नाही," लायल म्हणाला. "काडतूस जमायचं होतं ना."

कर्ट हसणार होता. नोरीनकडे बघून तो कॅमेऱ्याची तार गुंडाळायला लागला.

घंटा झाली. माणसं चहाचे मग ठेवून चटया पसरू लागली. नोरीन आपल्या गाडीकडे गेली आणि एक रायफल आणि प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली.

"ही माझी जुनी. काडतुसं हिच्याच मापाची भरलेली आहेत. कर्टबरोबर तुझी जोडी. एकच टार्गेट, एक बार त्याचा, एक तुझा. पाळी आली की पाऊण मिनिटाच्या आत मारायचा, नाहीतर शून्य. माहीत आहे ना? की तेही विसरलास?"

"दारू किती घातलीस?"

"लागते तेवढी."

"नोरीन!"

"चिठ्ठी घरी आहे, दारूच्या डब्यावर. गेल्या ईस्टरला हीच घेऊन दुसरी आले होते मी. मोजायची नसतात रे ती, मारायची असतात. झोप आता."

लायल कर्टच्या शेजारी पालथा झाला. रायफलीचा दस्ता खांद्याला बरोबर बसला, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. वाऱ्याची निशाणं उजवीकडे हलकेच फडकत होती. सोपा वारा होता. असा वारा या मैदानावर कधी तरीच मिळतो.

कर्टने पहिला बार काढला. टार्गेट खाली गेलं.

लायलने डबा उघडला. पितळी काडतुसं रांगेत उभी होती. त्यातलं एक, जरासं, उंच वाटलं. त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन बाहेर आला. त्याने ते काडतूस मोजलं. मग शेजारचं मोजलं. पहिलं डावीकडे ठेवलं, दुसरं उजवीकडे.

टार्गेट वर आलं. पांढरी चकती अगदी मधोमध होती. मागून कुणीतरी शीळ घातली.

"लायल, तुझी पाळी," कर्ट हळू आवाजात म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "लायल."

लायलने तिसरं काडतूस व्हर्नियरच्या जबड्यात धरलं होतं आणि आकडा नीट दिसावा म्हणून ते उन्हाकडे वळवत होता.