कंपनीबाहेरची साक्ष

सोमवारी सकाळी माध्यम कंपनीच्या, आपोआप बातम्या लिहिणाऱ्या यंत्र-संपादकाने कंपनीचे मालक विश्वंभर कुलथे वारल्याची चुकीची बातमी दिली. राज्यातल्या सगळ्या वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी ती जशीच्या तशी चालवली, कारण ती सगळी कुलथ्यांच्याच कंपनीची होती. सरकारी नोंदीतही कुलथे मृत झाले. दुरुस्तीसाठी कंपनीबाहेरच्या एका वृत्तपत्राची साक्ष लागत असे. एका मालकाकडे किती वृत्तपत्रं असावीत यावरची मर्यादा सरकारने उठवल्यापासून तसं एकच उरलं होतं, नंदुरबारच्या इंदुमती गावितांचं चार पानी साप्ताहिक.

कुलथे स्वतः त्यांच्या छापखान्यात आले.

"गावितबाई, मी जिवंत आहे एवढंच छापा."

"आमचं दैनिक बंद पडलं, अशी खोटी बातमी तुम्ही दिली होती," इंदुमतीबाई म्हणाल्या. "दुरुस्ती मागायला आमचे हे तीनदा तुमच्या दारी आले. दैनिक गेलं, त्या धसक्याने हेही गेले."

"तेव्हा कायदा तसा होता, बाई. दुरुस्ती छापायची सक्ती कोणावरच नव्हती."

"कायदा आजही तोच आहे."

त्यांनी कुलथ्यांची जन्मतारीख लिहून घेतली आणि फोटो काढला. कुलथे निर्धास्त होऊन परतले.

गुरुवारी अंक निघाला. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत तोच फोटो होता आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मजकूर इंदुमतीबाईंनी स्वतः दोनदा तपासला होता.