माडीवरचा फेर

साल अठराशे चौसष्ट. त्या वर्षी कापसाला असा भाव आला होता की अमरावतीच्या पेठेतले गोठे, ओसऱ्या, देवळाचे पारसुद्धा कापसाने भरून गेले होते. मुलींची शाळा तेवढी भगवंतराव अडत्यांच्या माडीवर निवांत भरत होती. माडी त्यांनी शाळेला तशीच, भाडं न घेता, वापरायला दिली होती.

मनकर्णा अकरा वर्षांची, माळ्याची पोर. पहाटे आईबरोबर वांगी तोडायची आणि मग शाळेत यायची. तिचं लग्न सातव्या वर्षीच झालं होतं. तेल्हाऱ्याहून सासूचे निरोपावर निरोप येत, की वेचणीला हात कमी पडतात, सून धाडा. तिची आई सुभद्रा एकच उत्तर देई, "शाळा आहे तोवर पोर माह्यापाशी. लग्नाच्या बैठकीत तसंच ठरलं होतं."

दिवाळी झाल्यावर भगवंतराव माडीवर आले.

"बाई, अकोल्याहून मोठा साहेब येऊन राहिला. पोरींचा फेर बसवा. साहेबाच्या मनाला आलं तं माडीचं एकदाचं ठरून जाईन."

शाळेच्या मास्तरीण पार्बताबाई थकून भिंतीला टेकल्या होत्या. "शाळा राहील ना, भाऊ?"

"तुमी फेर तं बसवा."

रोज दुपारी टिपऱ्या वाजू लागल्या. पार्बताबाईंना हलकं पाऊल हवं होतं. "टाच नको गं, चवड्यावर ये," म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. मनकर्णाच्या पोटऱ्या भरून येत, तरी घरी जाऊन ती ओट्यावर पुन्हा तेच घोकायची.

आठ दिवसांनी भगवंतराव फेर बघून गेले. त्यांना तो पटला नाही.

"पोरी कावून एवढ्या जपून पाय टाकून राहिल्या? दणका पायजे. अन् बाराच कावून? पंचवीस करा."

दुसऱ्या दिवसापासून पार्बताबाईंनी पोरींना पाय आपटायला शिकवलं.

"मनकर्णे," फेरातली तिची जोडीदार वच्छला हसली, "तुह्या पायाखाली उंदीर आला तं मेलाच समज."

"मरू दे. मले तेल्हाऱ्याले नाही जायचं."

साहेब आला तो भर दुपारी. पोरींच्या आया भिंतीला लागून दाटीवाटीने बसल्या होत्या. साहेबाला खुर्ची दिली. फेर सुरू झाला. पहिली दोन कडवी त्याने ऐकली, मग उठला आणि जिना उतरून खाली गेला.

रिकाम्या खुर्चीकडे बघून मनकर्णा थबकली. पार्बताबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात भगवंतराव धापा टाकत वर आले. "थांबू नका! साहेबाले वर गरमी होऊन राहिली. ते खालूनच ऐकते. पुन्हा घ्या. साऱ्या पोरी मधात या, एकाच जागी."

"फेर असा होतो का, भाऊ?"

"साहेबाची मर्जी, बाई. जोरात घ्या."

पंचवीस पोरी माडीच्या मधोमध दाटल्या. मनकर्णाने दात खाऊन पाय आपटले. दुसऱ्यांदा निरोप आला, अजून एकदा. तिसऱ्यांदा आयांनाही उठवलं. सुभद्रा लाजत लाजत पोरीशेजारी उभी राहिली आणि जन्मात नाचली नव्हती तशी नाचली. मनकर्णाच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, तरी ती थांबली नाही.

शेवटी साहेब अर्धा जिना चढून आला, टोपी काढून हसला. "व्हेरी गुड," म्हणाला.

"पसंत पडलं बरं साहेबाले!" भगवंतरावांनी पोरींना बत्तासे वाटले. पार्बताबाईंनी मनकर्णाला जवळ घेतलं. घरी जाताना सुभद्राने तिला कडेवर उचललं, एवढी मोठी पोर.

"राहिली गं शाळा," ती म्हणाली.

भगवंतरावांनी पुढच्याच साली नवं घर बांधलं. पार्बताबाई फेराच्याच महिन्यात रिद्धपूरच्या मठात गेल्या आणि तिथेच त्यांनी डोळे मिटले. वच्छला चार पोरांची आई होऊन बाळंतपणात गेली. सुभद्रा पुष्कळ वर्षं बाजारात वांगी विकत बसायची; माडीखालून जाताना मात्र वर बघायची नाही. मनकर्णाला संक्रांतीच्या आत तेल्हाऱ्याला धाडलं. ती चाळीस वर्षं सासरचा कापूस वेचत राहिली. साहेब शाळा तपासणारा नव्हताच. त्याला कापसाच्या गाठी रचायला जागा हवी होती, आणि एवढ्या बायापोरी एकदम नाचल्या तरी माडीची एकही तुळई हलत नाही, हे त्याने खाली उभं राहून तीनदा पाहून घेतलं होतं.