ताकदीचं पाणी

सकाळी नऊला खुराड्यात आठ पिल्लं उभी होती. उभी म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. पंख पाडून, डोळे मिटून, ती एकमेकांच्या आधाराने टिकून होती. नववं भुशात आडवं पडलं होतं आणि त्याच्याखालचा भुसा लाल झाला होता. आठवड्यापूर्वी ती तीस होती.

सुनेने नववं कागदात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. आता त्याची सवय झाली होती.

जनावरांचे डॉक्टर खुराड्यासमोर उकिडवे बसले. "रक्ती हगवणच आहे. पण आतापर्यंत थांबायला हवी होती. औषधाचा कितवा दिवस?"

"पाचवा."

"मापाने घालताय?"

"तुमच्याच चमच्याने. सपाट."

"दुसरीकडे कुठे पाणी पितात?"

"कुठे पिणार? गळका नळसुद्धा बांधून टाकलाय मी."

खोटं नव्हतं. भुसा ती रोज बदलत होती, जुना जाळत होती. घाण उडू नये म्हणून पाण्याचं भांडं विटांवर चढवलं होतं. खुराड्यात जायची चप्पल वेगळी होती. एवढी निगा तिने स्वतःच्या तब्येतीची कधी घेतली नव्हती.

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हे लचांड नको," दारात उभ्या सासूने सुरुवात केली. "वास तो वास, आणि वर दिवसभर चिवचिव. त्यापेक्षा मांजर पाळायची होतीस, निदान उंदीर तरी गेले असते."

हे सासू रोज म्हणायची, चहाइतकं नेमाने. सून एरवी हसून सोडून द्यायची. आज नाही सोडलं.

"होतंय ना आता तुमच्या मनासारखं? दहाला गाडी येतेय."

सासूच्या पायाशी सुनेची बांधलेली बॅग होती. मोठ्या शहरात कुणा अंथरुणाला खिळलेल्या बाईची सेवा करायची, तिथेच राहायचं. थोडक्यात, सून दुसऱ्या कुणाच्या तरी सासूला सांभाळायला निघाली होती. दोघींचं ठरलं होतं: निदान पंधरा कोंबड्या अंड्यांवर आल्या, तर ती जाणार नाही. परवा पिल्लं पंधराच्या खाली गेली आणि तिने फोन करून होकार कळवला. त्या दिवशी सासूने मांजरीचा विषय काढला नाही.

डॉक्टरांनी पाण्याचं भांडं उजेडाकडे कलतं केलं. "हे पिवळं का?"

"औषधामुळे असेल."

"औषध पांढरं आहे."

सून उठली. सासूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई, हात दाखवा."

"काय शाळा आहे का ही?"

"दाखवा म्हणते ना!"

सासूने हात पुढे केले. चिमटीतली बोटं पिवळी झाली होती.

"काय घातलंत पाण्यात?"

"विष नाही घातलं!" सासूने कमरेला खोचलेली दोन पाकिटं काढून आपटली. दोन्ही रिकामी. "ताकदीच्या गोळ्या आहेत. माझ्या. पहिलं पिल्लू गेलं त्या दिवसापासून कुटून घालतेय, तू उठायच्या आत."

"आणि तुम्ही काय घेत होतात?"

"मला काय करायचीय ताकद? मला कुठे अंडी घालायचीत?"

"तरीच! तरीच पायाला मुंग्या येतात म्हणत होतात."

डॉक्टरांनी भांडं खाली ठेवलं. हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, पिल्लांच्या आतड्यात जो जंतू आहे ना, त्याला या गोळ्यांमधलंच एक जीवनसत्त्व लागतं. औषध तेवढंच तोडतं, त्याला उपाशी मारतं. तुम्ही रोज पहाटे त्याला जेवू घालत होता."

सासू पायरीवर बसली. बराच वेळ तिची बोटं पेरांवरून फिरत राहिली.

"म्हणजे बावीस," ती म्हणाली.

"सगळी तुमच्या नावावर नका लावू. सुरुवातीची चार-पाच तशीही गेली असती." डॉक्टर एवढाच दिलासा देऊ शकत होते. "आता नुसतं औषध. आजपासून पुन्हा पाच दिवस. सहा वाचतील कदाचित."

"सहांवर नाही का गं भागायचं?"

सासूने या घरात आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागताना आवाज कसा काढायचा तेही तिला ठाऊक नसावं, भांडल्यासारखाच निघाला.

"नाही भागत, आई."

डॉक्टर गेले. सुनेने भांडं तीनदा विसळलं, नवं पाणी भरलं, सपाट चमचा औषध ढवळलं. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. तिने औषधाची पुडी सासूच्या मांडीवर ठेवली.

"रोज सकाळी एक चमचा. भुसा ओला दिसला की बदलायचा. बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही."

"माझ्या हातात देतेस?"

"मग कुणाच्या देऊ? आणि औषधवाल्याला सांगून जाते, तो गोळ्या आणून देईल. त्या तुम्ही खायच्या. मी फोनवर विचारणार आहे."

सासू गुडघ्यांवर रांगत खुराड्यापाशी गेली, सगळ्यात मरतुकडं पिल्लू तळव्यात घेतलं आणि त्याची चोच अलगद पाण्याला टेकवली. पिल्लाने मान काढून घेतली. तिने पुन्हा टेकवली.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. सुनेने बॅग उचलली. दोन पावलं गेली, वळली.

"आई, येते."

सासूने वर पाहिलं नाही.

"गप्प बस जरा," ती म्हणाली. "पितंय ते."