पूर्णविराम देणारी मुलगी

“पुन्हा आलाय,” बेर्मेत म्हणाली आणि तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

मेरिमने तो लगेच उलटा केला. उलानने हातातला समोशासारखा सम्सा न संपवताच खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

‘डाव्या पोटरीवरचा भाजल्याचा डाग अजून दिसतो का? रात्री दाराला आतून कडी लावतेस ना?’

शाळांच्या स्पर्धेसाठी तिघं मिळून एक छोटा थरारपट करत होती. इंटरनेटवरचा अनोळखी माणूस आणि त्याच्या जाळ्यात सापडलेली मुलगी. लेखिका मेरिम, कॅमेरा उलानचा, मुलगी बेर्मेत. खलनायक कोण होणार यावरून भांडणं चालली होती, तेवढ्यात हा खराखुरा आपल्या पायाने चालत आला. ‘अनारा, वय सोळा, बिश्केक.’ प्रोफाइलच्या फोटोत मांजर.

“सोळा वर्षांची म्हणे,” मेरिम म्हणाली. “आधीचेही मेसेज बघ, प्रत्येक वाक्य कसं नीट संपवलंय. आपल्यातलं कोण पूर्णविराम देतं? मी तर पेपरातही देत नाही.”

“म्हणून तर मार्क दिसत नाहीत,” उलान म्हणाला.

“तू गप रे. मागच्या कुस्तीत आभाळ बघत पडलेल्याने बोलू नये.”

बेर्मेत हसली नाही. तो डाग ती कायम जाड मोज्याखाली झाकायची. वर्गातल्या कुणीही तो पाहिलेला नव्हता. फक्त उन्हाळ्यात सगळ्यांना तळ्यावर पोहायला नेलं होतं, तेव्हा ती एकटीच पाय पुसत बसलेली आणि समोरून...

“खेळाचे सर आले होते,” ती हळूच म्हणाली.

मेरिमने फोन पुन्हा पालथा ठेवला.

त्या दिवसापासून बेर्मेतला चैन पडेना. सर फोनवर बोटं फिरवताना दिसले की तिचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जाई. दोनदा तर खरंच त्याच वेळी संदेश आला. ‘शाळेतून एकटी येतेस का?’ ‘पोटभर जेवतेस ना?’

“माझा मामा पोलिसात आहे, त्याला सांगू,” उलान म्हणाला.

“आणि मामा अपाला सांगेल. मग फोन पिठाच्या डब्यात, मी मेंढ्यांमागे. चित्रपट संपला.”

अपा म्हणजे तिची आई. बेर्मेत तिचं उतारवयातलं शेंडेफळ. थोरल्या दादाच्या मित्रांची मुलं बेर्मेतच्या वर्गात होती, एवढा मोठा दादा. तो आणि वहिनी बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात होते. सणाला यायचे. मग वहिनी डोक्याला रुमाल बांधून चुलीपाशी बसायची. सासूसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. अशा घरात कुणीतरी माझ्या पोटरीची चौकशी करतंय, हे सांगायचं तरी कुणाला?

‘भेटूया’ म्हणून तिघांनी गळ टाकून पाहिला होता. दर वेळी उत्तर एकच. ‘नको. लांबूनच बरं.’

“घाबरट लांडगा आहे,” मेरिम म्हणाली. “पण शिकार दुसराच कुणी नेतोय म्हटलं की लांडगा बाहेर येतोच. दे इकडे.”

तिने लिहिलं, ‘शनिवारी मुलाकडचे येणार आहेत त्याची आई मला कानातली घालणार मग शाळा पण बंद’

मुलाच्या आईने कानातली घातली की मुलगी त्या घरची झाली, हे त्यांच्या कोचकोर गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

उत्तर बराच वेळ आलं नाही. मग आलं.

‘कुणी ठरवलं’

“प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही,” मेरिम म्हणाली.

‘अपाने,’ बेर्मेतने लिहिलं.

‘घालू देऊ नकोस मी येते शनिवारी सकाळच्या गाडीने स्टँडवर थांब कुणाला सांगू नकोस’

कुणाला सांगू नकोस. मेरिमने खलनायकासाठी लिहिलेलं वाक्य, जसंच्या तसं.

शनिवारी उलान कांद्याच्या पोत्यांमागे कॅमेरा लावून बसला. मेरिम चहाच्या टपरीवर होती, मुठीत तिखटाची पुडी. शेजारी उलानचा मामा फुकटचा चहा पीत होता. कशासाठी बोलावलंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बिश्केकची मिनीबस आली, आणि गर्दीतून खेळाचे सर सरळ बेर्मेतच्या दिशेने चालत आले.

ती कांद्याच्या पोत्यांकडे एक पाऊल मागे सरकली.

“इथे काय करतेस गं?” त्यांनी विचारलं. पण उत्तराला थांबले नाहीत. ड्रायव्हरकडून चेंडूंचं खोकं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि शाळेच्या रस्त्याला लागले.

मागून तिच्या दंडावर एक हात पडला.

ती वळली. वहिनी उभी होती. रुमाल सरकलेला, गळ्यात कारखान्यातली मापाची टेप तशीच.

“वहिनी? तू कशी काय? आधी बाजूला हो, इथे कुणीतरी यायचंय.”

“कुणी यायचं नाहीये,” वहिनी म्हणाली. तिच्या हातातल्या फोनवर बेर्मेतचाच शेवटचा संदेश उघडा होता.

बेर्मेतला आधी हायसं वाटलं, आणि मग असा राग आला की बस्स.

“तू होतीस? वेड लागलंय का तुला? मला रात्र रात्र झोप नाही. आणि कानातली-बिनातली काही नाही, चित्रपटासाठी थाप मारली होती.”

“थाप होती होय,” म्हणत वहिनी मटकन पोत्यावर बसली.

“आणि खरं असतं तरी? अपाच्या मुलीचं लग्न अपा ठरवेल. तुला काय करायचंय?”

वहिनीने मान वर केली आणि तिच्या डोळ्याला डोळा दिला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

“रीत म्हणून मी माझं पहिलं मूल सासूबाईंच्या ओटीत घातलं, बेर्मेत,” ती म्हणाली. “ते दुसऱ्या कुणाच्या ओटीत घालताना तरी मला विचारतील, असं वाटलं होतं.”