झाडं परत घेता का?

सर्जेरावांनी गाडी शेडनेटच्या सावलीला लावली. मागच्या सीटवर बसलेल्या बायकोला, भागूबाईंना, आलोच म्हणून सांगितलं आणि डिकीतल्या कुंड्या एकेक करून नर्सरीच्या दाराशी नेऊन ठेवल्या. शेवटची ठेवून वळले तेव्हा कंबर धरली. ते डिकीला टेकून उभे राहिले.

आतून सायराबानू पदराला हात पुसत आल्या. इंदापूरच्या रस्त्यावरची ही ऑर्किडची नर्सरी त्या, त्यांचे पती दस्तगीरभाई आणि सून सबिना मिळून चालवत. कुंड्या त्यांनी लगेच ओळखल्या. नारळाच्या सोडणात लावलेली ही झाडं भागूबाईंनी इथूनच नेली होती. दर फेरीला एखादं, तेही तासभर घासाघीस करून.

"झाडं परत घेता का?" सर्जेराव म्हणाले. "नुसती ठिवून घ्या."

कीड पडली का, म्हणून सायराबानूंनी विचारलं. कीड नव्हती. एका झाडाला तर कळ्या आल्या होत्या. सर्जेराव थांबत थांबत सांगू लागले. भागूबाई माणसं विसरत चालल्या होत्या. गॅस तसाच सोडून अंगणात जाऊन बसायच्या. रात्री उठून माहेरी निघायच्या. दाराला कुलूप घालावं तर कुलूप धरून रडायच्या. पुण्यात मुलानं अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघितली होती. सोमवारी त्यांना तिथं पोचवायचं, मग सर्जेरावांनी मुलाकडं राहायचं, असं ठरलं होतं. मुलाच्या फ्लॅटला ऊन येत नव्हतं. झाडं न्यायची कुठं?

"अक्का कुठं हायत?" सायराबानूंनी विचारलं.

सर्जेरावांनी गाडीकडं बोट केलं.

सायराबानू दार उघडून भागूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. हात हातात घेऊन आपलं नाव सांगितलं. भागूबाईंनी पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं आणि मुलं शाळेत जातात का, असं विचारलं. जातात, असं सायराबानूंनी सांगितलं. मग त्यांना हळूहळू उतरवून आत नेलं, जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांच्या रांगांमधून फिरवलं. सबिनानं एक फुललेला दांडा तोडून त्यांच्या हातात दिला. सगळे बघत राहिले. भागूबाईंनी तो नाकाशी नेला, वास नाही म्हणाल्या आणि परत दिला.

बाहेर ऊन तापलं होतं. आत फॉगरचं बारीक पाणी उडून हवा गार झाली होती. दस्तगीरभाईंनी सर्जेरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन सर्जेराव पुण्याच्या त्या जागेबद्दल सांगू लागले. तिथं डॉक्टर रोज येतात, खोली हवेशीर आहे, आणि एवढं बोलून त्यांची मान पुढं झुकली. दस्तगीरभाई थोडा वेळ पुढच्या शब्दाची वाट बघत बसले. मग उठून त्यांनी फॉगरची मोटर बंद केली. तिचा आवाज फार व्हायचा. ऊन उतरेपर्यंत त्यांनी आणि सबिनानं हातानं चालवायच्या फवारणी पंपानं झाडांवर पाणी मारलं.

सर्जेरावांना जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारी कुणी नव्हतं. "भागू!" म्हणत ते एकाच पायात चप्पल घालून बाहेर धावले.

भागूबाई घरापुढच्या खाटेवर बसल्या होत्या आणि सायराबानू त्यांची वेणी घालत होत्या. अंगावरचं लुगडं वेगळं होतं. त्यांचं स्वतःचं धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं. सर्जेरावांनी त्या लुगड्याकडं बघितलं. काय झालं असेल ते त्यांना कळलं. रोज घरी हे धुणं तेच धूत. ते खाली जमिनीवरच बसले आणि माफी मागू लागले. सायराबानूंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"आबा, शेवटचं नीट कधी निजला तुमी?"

सर्जेराव आठवून बघू लागले. मग त्यांनी तो नाद सोडला.

सायराबानूंनी वेणीला गाठ मारली. "झाडं ठेवते मी. सोमवारचं तुमचं तुमी बघा, त्यात मी बोलणार न्हाय. पण अक्का घरीच ऱ्हायल्या, तर मधनंमधनं हितं घेऊन येत जा. त्या आमच्यात बसतील. तुमी निजायला या."

सर्जेराव उठून आत राहिलेली चप्पल पायात घालून आले. दस्तगीरभाईंनी भागूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला. गाडी घराकडं, माळेगावच्या दिशेनं निघाली.

वाटेत उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला. ट्रॉलीला ट्रॉली जोडलेली, सगळा रस्ता अडलेला. त्याला मागं टाकायची सर्जेरावांना घाई नव्हती. ते त्याच्या मागनं संथ चालवत राहिले. भागूबाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "लई दमल्यासारखं दिसताय."

सर्जेराव म्हणाले, थोडं.

"घरी कोण हाय तुमच्या?"

त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून डोळ्यांवरून फिरवला.

"बायको हाय."

"मग जावा की घरी. मला सोडा हितंच कुठंतरी. ती वाट बघत आसंल."

"व्हय," सर्जेराव म्हणाले. "तिच्याकडंच निघालोय."