डोमाच्या नावाचे बीज

दोन्ही पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या, हवा भरून उशीसारख्या फुगलेल्या. आत माशांची बोटाएवढी पिल्ले घाईघाईने फिरत होती. पिशवीतले पाणी तलावाइतके गार झाले की मगच तोंड सोडायचे, नाहीतर पिल्ले मरतात. मनाली गुडघाभर पाण्यात वाट पाहत उभी होती. मच्छीमार सोसायटीची तशी रीतच होती. सभासद गेला की त्या पावसाळ्यातले पहिले बीज, म्हणजे ही पिल्ले, त्याच्या लेकराच्या हातून तलावात पडायचे. यंदा मनालीचा बाप डोमा गेला होता, आणि त्याला ती एकटीच.

तलावाच्या पाळीवर, बांधावर, सगळी ढिवर आळी जमली होती. मनालीची माय सत्यभामा बायकांच्या पुढे बसली होती. नवरा गेल्यापासून ती कोणाशी धड बोलली नव्हती. तेरवीलाही नाही.

"वर ये ना वो मास्तरीन, जळवा लागतीन," बायकांतली सीताबाई मनालीला म्हणाली. मनाली भंडाऱ्याला शाळेत शिकवायची.

"तिले नाही लागत. तिच्या बापाले तं जळवाही राम राम करत होत्या," मागून कोणीतरी म्हटले.

बायका हसल्या आणि सत्यभामेचा चेहरा पाहून गप्प झाल्या.

मनाली पिशवीवर वाकली. पिल्ले सडपातळ, लांबट होती. दरवर्षी सोडतात त्या कतल्याचे डोके असे नसते. रोहूचा रंग असा नसतो. ढिवराच्या पोरीला मासा ओळखायला वेळ लागत नाही.

"काका, ह्या गवत्या आहेत."

सोसायटीचा अध्यक्ष हिरालाल तिच्या शेजारीच उभा होता. डोमाचा लहानपणापासूनचा जोडीदार. तो पलीकडच्या काठाकडे पाहत राहिला.

"असन एखादी."

"एखादी नाही. दोन्ही पिशव्या."

गवती म्हणजे पाण्यातले गवत खाऊन वाढणारी मासळी. एका वर्षी कुठल्याशा योजनेतून ती या तलावात आली होती. बघता बघता तळ बोडका झाला. आधी गवत गेले. मग गवतात अंडी घालणारे गावठी मासे गेले, डाडक गेली, बोटरी गेली, शेवटी पाणकोंबड्याही गेल्या. डोमाला ते सहन झाले नाही. त्याने उन्हाळ्यात सुकलेल्या गाळात माजलेली बेशरमाची झुडपे खणून काढली. दूरदूरच्या तलावांतून चिला, गाद, राजोली, देवधान अशी पाणगवते ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. पाऊस पडला की मातीच्या गोळ्यात मूळ दाबायचे, बुडी मारायची आणि तळाशी रोवायचे. सत्यभामा गोळे करून द्यायची. "लोकं गवत काढते अन् डोमा गवत लावते," म्हणून गाव हसले. पुढे जाळ्यात डाडक दिसू लागली तेव्हा हसणे थांबले. गेल्या वर्षी बोटरीही आली.

यंदाही तो खोल पाण्यात रोवायला गेला. छातीत कळ आली, पाण्यातच गेला, असे हिरालालने फोनवर सांगितले होते. मनाली भंडाऱ्याहून पोचली तेव्हा त्याला आंघोळ घालून, गळ्यापर्यंत कोऱ्या कापडात गुंडाळून अंगणात ठेवले होते.

"परत न्या, काका," ती म्हणाली. "बाबाच्या नावानं हे पाण्यात नाही जाणार. त्यांच्या हातचं एक पान नाही राहणार इथं."

"चूक झाली, पोरी," हिरालाल हळूच म्हणाला. "माहीच चूक समज." आणि त्याने पिशव्या ओढायला हात पुढे केला.

मनालीने श्वास सोडला. निदान एवढे तरी वाचले. पायाखाली कुठेतरी बापाने रोवलेली पाती हलत होती.

तेवढ्यात पाळीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. सत्यभामा खाली उतरत होती. डोमा गेला त्या दिवसापासून तिने या पाण्यात पाय ठेवला नव्हता. आता लुगडे न सावरता ती तशीच आत आली. तिने हिरालालच्या हातची पिशवी ओढून घेतली. गाठ सुटेना, तेव्हा तिने पिशवी तोंडाला लावली आणि दाताने फाडली.

मनालीने झडप घालून तिचे मनगट धरले. फाटलेली पिशवी मायच्या मुठीत तशीच आवळलेली राहिली.

"माय, काय करून राहिली तू? बाबानं जीव लावला याच्यात."

"हिरालालची चूक नोहोय. मीच मागवल्या."

"वहिनी, राहू द्या," हिरालाल म्हणाला.

"आतापावेतो राहूच देलं ना. लोकं गवताले शिव्या देतीन, त्यानं लावलेलं उपटून फेकतीन, म्हणून तुम्ही कळ सांगतली अन् मी गप बसली." सत्यभामेने लेकीकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. "छातीत कळ नाही आली तुया बापाले. चिला गुंडाळली होती पायाले. मी अन् हिरालाल ओढून राहिलो, तं निघे ना. मंग मी बुडी मारून दातानं तोडली."

मनालीच्या हातातून मायचे मनगट सुटले. पिल्ले बाहेर पडली, जागच्या जागी जराशी घोटाळली आणि खाली, गवताच्या दिशेने निघाली.

दुसरी पिशवी मनालीने उघडली.